तीन स्पॅनिश पिस्तुलं

“आणि हे आपोआप सुटत नाही ना?” मगदूमांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“अहो, दाराची कडी आपोआप निघते का? तसंच हे,” मी म्हणालो.

काउंटरवर हिरव्या कापडावर तीन पिस्तुलं मांडली होती. वैशाखातली दुपार. डोक्यावरचा पंखा वारा कमी आणि आवाज जास्त करत होता. गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. सांगलीतलं माझं बंदुकांचं दुकान तेव्हा ऐन भरात होतं. भालचंद्र जिनगर म्हटलं की आसपासचे पाटील-इनामदार डोळे मिटून हत्यार सोपवून जायचे, आणि मलाही त्याचा भारी तोरा होता. माझ्या हातून चूक होऊ शकते असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला दुकानाची पायरी पुन्हा चढू दिली नसती.

जिनपाल मगदूम जयसिंगपूरचे. स्वतःचे सहा ट्रक होते. घाटात दोनदा गाडी अडवून मारहाण झाली, तेव्हा त्यांनी खटपट करून परवाना काढला. पण हत्यार घ्यायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती आणि गृहस्थांचं मन काही ठरत नव्हतं. एक पिस्तूल उचलायचे, ठेवायचे, दुसरं उचलायचे, पुन्हा पहिल्याकडे यायचे. लग्नाला मुलगी बघायलाही माणूस इतका वेळ घेत नाही.

“मारायचं नाही हो कुणाला,” ते मला बजावत होते. “नुसतं दाखवायचं. पण तिन्ही दिसतात एकसारखी, मग भाव निरनिराळे का?”

“असं बघा मगदूमसाहेब. बेल्जियमचं एक नामी पिस्तूल होतं. अजून मिळतं, पण ते तुम्हाआम्हाला झेपणारं नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला हत्यारं कमी पडायला लागली, तेव्हा स्पेनमधल्या एका गावानं त्याची हुबेहूब नक्कल काढली. आपल्या इचलकरंजीत घरोघरी माग आहेत ना, तसे तिथं घरोघरी कारखाने. हा त्यातला माल. विलायती तर विलायती, आणि खिशालाही परवडतो.”

“म्हणजे डुप्लिकेट.”

“डुप्लिकेट म्हणजे फसवणूक! ही उघड नक्कल आहे. साठ वर्षं झाली, अजून चालतात. हे पहिलं बघा. घट्ट बांधणी, पॉलिश अजून शाबूत. हे दुसरं माझं स्वतःचं, एका मामलेदाराकडून घेतलेलं. जरा ढिलं आहे, पण नळी उत्तम. आणि हे तिसरं. मुठीचा टवका उडालाय, पण चाप एकदम हलका.”

“पहिलं कुणाचं?”

मी उत्तर देण्याआधी बाकावरून आवाज आला. “आमचं हाय.”

पहिल्या पिस्तुलाची मालकीण भिंतीकडेच्या बाकावर बसली होती. सगुणाबाई खराडे, कोरेवाडीच्या पोलीस पाटलाची बायको. बायको म्हणजे आता विधवा. पंचेचाळिशीची, सडसडीत बाई, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. शेजारी तिचा दीर ज्ञानू. पाटील वारल्यावर पिस्तूल पोलिसांकडे पडून होतं, ते सुटून वारसाच्या ताब्यात आलं. घरात परवाना दुसऱ्या कुणाच्या नावे नाही, म्हणून माझ्याकडे जमा करून विकायचं होतं. त्यासाठी बाईंची सही लागत होती. सही दोन मिनिटांत झाली होती, पण गिऱ्हाईक समोरच बसलंय म्हटल्यावर ज्ञानू हलायला तयार नव्हता.

“विकताय का मग?” मगदूमांनी विचारलं. “काही खोट?”

“खोट कसली?” ज्ञानू घाईनं म्हणाला. “घरात वापरणारं कोण न्हाई, म्हणून.”

“आमचं मालक गेलं ह्या पिस्तुलानं,” बाई म्हणाल्या.

मगदूमांनी हातातलं पिस्तूल असं खाली ठेवलं की जणू ते तापलं होतं. मी कपाळावर हात मारायचा तेवढा राहिलो. हे मी त्यांच्यापासून दीड तास लपवून ठेवलं होतं. माझ्या दुकानात माझंच गिऱ्हाईक पळवणारी ही बाई कोण, असा रागसुद्धा मला आला, हे आज सांगायला लाज वाटते.

ती उठून काउंटरपाशी आली. तिनं पिस्तुलाला हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

“मिस्तरी, एक इचारू? समजा, माणूस हे हातात घेऊन बसला. नुसता बसला. तर सुटतंय का हे?”

मगदूम कान टवकारून ऐकत होते. मी बाईंना उत्तर दिलंच नाही. मी उत्तर दिलं ते मगदूमांना.

“बाई, हे हत्यार आहे, दिवाळीचा फटाका नव्हे. सेफ्टी घट्ट आहे, स्प्रिंग घट्ट आहे. चाप ओढल्याशिवाय हे सुटत नाही, आणि माणसाच्या मनात असल्याशिवाय चाप ओढला जात नाही.”

वाक्य मला स्वतःलाच आवडलं. मगदूमांनीही मान डोलावली.

“ऐकलंसा, वैनी?” ज्ञानू मागून म्हणाला. “मी काय येगळं सांगत हुतो? शाणी माणसंबी तेच सांगत्यात. आता तरी तो इषय सोडा.”

बाईंचा चेहरा पाहिला आणि त्यांनी विचारलं होतं ते भलतंच होतं, हे माझ्या डोक्यात शिरलं. पण बोललेलं वाक्य परत घेता येत नाही.

मगदूम मुळात मऊ मनाचे. त्यांना राहवेना. “झालं काय होतं, बाई?”

“दसऱ्याला झालं. आमच्या गावात शिलंगणाला जाताना येशीवर मानाचा बार काढायचा पाटलानं. दर वर्साला काढत्यात. तसा काढला. घरी आलं, सोप्यात बसलं. सोनं द्यायला सगळा गाव घरात, पोरं नाचत्यात. मी चुलीपाशी, च्याचं आधण ठेवलेलं. आन ह्येनी सोप्यातनं हाका मारत्यात, पक्कड कुठाय, पक्कड कुठाय.” बाई थांबल्या. “सकाळधरनं उभी हुते मी. म्हटलं, तुमी असून नसून सारखंच, घरातली एक पक्कड घावत न्हाई व्हय तुमास्नी? सासूनं, आत्तींनी, दिली पक्कड. आन जरा येळानं आवाज झाला.”



“असून नसून सारखंच,” ज्ञानू सुस्कारा टाकून म्हणाला. “चारचौघांत बायकू आसं बोलली. पाटील मानी माणूस. लागलं मनाला. म्या ह्या कानांनी ऐकलंय.”

“ज्ञानोबा, तुमीच ऐकलं आन तुमीच गावाला सांगितलं,” बाई म्हणाल्या. रागानं नव्हे. रोज म्हणत असल्यासारखं. “पंचांनी अपघात लिवला. पर गाव काय लिवत्यात ते निराळंच. आत्ती माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत. म्हणून इचारलं मिस्तरींना. ह्येनी मनातनं केलं का आपोआप झालं, एवढंच मला कळाय पायजे. दुसरं काय नको.”

“पण पक्कड कशाला?” मगदूम म्हणाले.

“खिळा-बिळा ठोकायचा आसंल,” ज्ञानू म्हणाला.

“पकडीनं खिळा ठोकतात होय?” मगदूम पुटपुटले, आणि मान हलवत पुन्हा पिस्तुलांकडे वळले. ट्रकवाल्याला अवजारांचे उपयोग शिकवावे लागत नाहीत.

माझ्या मनात कुठंतरी खट्ट झालं. पण मी ते झटकून टाकलं आणि विषय बदलला. “साहेब, मॅगझीन बघा तिन्हींची. ती नीट तर सगळं नीट.”

मॅगझीन म्हणजे मुठीत खालून सरकवायची, गोळ्यांची चपटी डबी. मुठीच्या टाचेला एक खटका असतो. तो मागं दाबला की ती खाली सरकते. मगदूमांनी दुसऱ्या पिस्तुलाची डबी आत घातली, बाहेर काढली. ती मुठीत खुळखुळत होती.

“ही ढिली आहे हो.”

“म्हटलं ना, जुना माल.”

मग त्यांनी पहिलं पिस्तूल उचललं. अशुभ म्हणून ठेवलेलं, पण बांधणीचा मोह सुटत नव्हता. रिकामी डबी मुठीत सरकवली. शेवटच्या बोटभर अंतरावर ती अडली, त्यांनी तळव्यानं दाबली, खटका लागला. मग काढायला गेले. खटका मागं दाबला, डबी हलेना. नखानं ओढली, हलेना. त्यांनी पिस्तूल उलटं केलं, मूठ वर, नळी स्वतःच्या पोटाकडे, डाव्या हाताची मूठ चापाभोवती आवळली आणि उजव्या हातानं जोर लावून ओढायला लागले.

“नळी तिकडे करा!” मी ओरडलो.

पिस्तूल रिकामं होतं. मीच दोनदा तपासलं होतं. तरी मी त्यांचं मनगट धरून नळी भिंतीकडे वळवली.

“बोटं घसरतात,” मगदूम वरमून म्हणाले. “याला पक्कडच पाहिजे.”

म्हणाले आणि त्यांनी चमकून बाईंकडे पाहिलं. सगुणाबाई पुढं झाल्या. त्यांचा हात काउंटरच्या काचेवर आपटला.

“ह्येच! ह्येच्यासाठी मागितली आसंल पक्कड! ही डबी अडकली आसंल. मिस्तरी, सांगा की. अडकत हुती ना ही?”

तीन शब्द. ‘हो, अडकत होती.’ एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मला त्या वेळी बाई दिसतच नव्हती. दिसत होता तो माझ्या दुकानाचा बोर्ड, आणि नवरात्रात मी सगळ्यांचे सुटे भाग धुतले होते तो रॉकेलचा ट्रे.

“पोलिसांकडे पाच महिने पडून होतं ते,” मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. “तिथं कुणीतरी ठोकून काढलं असणार. डबी वाकलीय. हे बघा, कडेला दात उमटलेत. आधी असं नव्हतं.”

“आधी अडकत न्हवती?”

“नाही. अष्टमीला मीच साफ करून दिलं होतं. लोण्यासारखं चालत होतं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी डबीकडे बघत राहिलो.

“मग मीच,” त्या म्हणाल्या. आम्हां कुणाला उद्देशून नव्हे.

ज्ञानूनं त्यांच्या दंडाला धरलं. “चला वैनी. साडेचारची गाडी हाय. मिस्तरी, इकलं गेलं की कळवा.” पायऱ्या उतरताना बाईंचा एक पाय पायरीवर पडलाच नाही, ज्ञानूनं सावरलं म्हणून त्या पडल्या नाहीत. मगदूमांनी तिसरं पिस्तूल, टवका उडालेलं, एका मिनिटात पसंत केलं. परवान्यावर नोंद करून घेतली आणि माझ्याशी डोळ्याला डोळा न भिडवता निघून गेले. उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाले, “जिनगर, ती दुसरी डबी खुळखुळत होती आणि ही अडकत होती. गंमतच आहे, नाही?”

माणूस ट्रकवाला. कुठला नट कुठल्या बोल्टला बसतो, हे त्याला कळत होतं.

मी दार अर्धं ओढून घेतलं. दोन्ही पिस्तुलं समोर ठेवली. त्या स्पॅनिश मालाची एक मेख आहे. नमुना एकच, पण घरोघरच्या कारखान्यांतला, त्यामुळे कुणाची कानस जरा जास्त फिरलेली, कुणाची कमी. एका कारखान्याची डबी दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात जाते, पण जावी तशी जात नाही. म्हणून प्रत्येक कारखान्याचा एक बारीक शिक्का असतो, मुठीपाशीही आणि डबीच्या बुडालाही. हे मी वडिलांकडून आठव्या वर्षी शिकलो होतो.

भिंग घेतलं. पाटलांच्या पिस्तुलावरचा शिक्का आणि माझ्या, दुसऱ्या पिस्तुलातल्या डबीवरचा शिक्का एकच होता. मी डब्यांची अदलाबदल केली. पाटलांची डबी पाटलांच्या पिस्तुलात सरकली. खटका दाबला, आपल्या वजनानं तळहातावर पडली. माझी डबी माझ्या पिस्तुलात गेली आणि खुळखुळायची थांबली. वाकलं कुठंच काही नव्हतं. पोलिसांनी काही केलं नव्हतं. कडेला उमटलेले दात पकडीचे होते.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्याराची पूजा. घाणेरडं हत्यार देवापुढं ठेवायचं नाही, म्हणून घटस्थापनेपासून दुकानापुढं रांग लागायची. सगळ्यांची हत्यारं उघडायची, सुटे भाग रॉकेलच्या ट्रेत बुडवायचे, ब्रशनं घासायचे, तेल लावून जोडून द्यायचे. त्या वर्षी चाळिसेक हत्यारं झाली असतील. अष्टमीला संध्याकाळी पाटील आले. अघळपघळ माणूस. “भालबा, आटप की रं, शेवटची गाडी गाठायची हाय,” म्हणून स्टुलावर बसून मला गावच्या गमती सांगत राहिले. पूजेला दुकानाचं म्हणून माझं पिस्तूलही त्याच वेळी उघडलेलं. दोन्ही डब्या एकाच ट्रेत. मी शिक्का बघितला नाही. जिनगराला शिक्का कशाला बघायला हवा? मी हसत हसत एक डबी तळव्यानं दाबून बसवली, जरा घट्ट गेली, म्हटलं नवीन तेल आहे. आणि पाटील हत्यार घेऊन गेले.

नवमीला हळद-कुंकू वाहिलं असेल. दसऱ्याला बार काढला. या पिस्तुलात एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत येऊन बसते. पाटलांना ते माहीत होतं. ती काढायची तर आधी डबी बाहेर यायला हवी, मी स्वतःच त्यांना तसं शिकवलं होतं. आधी डबी, मग गोळी. डबी निघेना, म्हणून त्यांनी पक्कड मागितली.

सव्वाचार वाजले होते. मी उठलो, बसलो, पाणी प्यायलो, पुन्हा उठलो. दुकान दहा पावलांचं, मी त्यात येरझारा घालत होतो. मन काय काय शिकवत होतं! आता डब्या जागच्या जागी गेल्या आहेत. कुणी कितीही तपासलं तरी काही सापडणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाटील परत येणार नाहीत. दुकान गेलं तर माझ्या तीन मुली कुठं जातील? ही सगळी खरी कारणं होती, म्हणूनच ती वाईट होती. आणि मध्येच ते दोन शब्द कानात यायचे. मग मीच. मग मीच. चाप ओढायला मन लागतं, हे मीच त्या बाईला ऐकवलं होतं, माल खपावा म्हणून.

दोन्ही पिस्तुलं तिजोरीत टाकली, दाराला कुलूप घातलं आणि पळत सुटलो. मारुती चौकापर्यंत गेल्यावर पाय भाजले तेव्हा कळलं की चपला दुकानातच राहिल्यात. परवाना जाणार, खटला होणार, बोर्ड उतरणार, हे मला धावतानाच दिसत होतं. पुढं ते तसंच झालं आणि रास्तच झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कोरेवाडीची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर खाली उभा राहून तंबाखू मळत होता. खिडकीशी सगुणाबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. आत बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या, पण त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. मी गजांना धरून उभा राहिलो. बोलायला श्वास पुरेना.

“बाई, मी खोटं बोललो.”

त्यांनी मान वळवली.

“डबी आधीपासून अडकत होती. ती पाटलांची नव्हतीच. अष्टमीला माझ्या हातून बदलली. दुसऱ्या पिस्तुलाची बसवून दिली मी. म्हणून निघत नव्हती.”

ज्ञानू दारातून खाली उतरला. “मिस्तरी, काय लावलंय? आं? मघाशी एक आन आता एक?” तो जवळ येऊन आवाज खाली आणून म्हणाला, “झालं गेलं गंगेला मिळालं. परत पोलीस, परत पंच, कशाला पायजे? गुमान जावा.”

“ज्ञानोबा, गप ऱ्हावा,” आतून बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. बायकांमधून वाट काढत खाली उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. 

“पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं.

“मोठ्यानं सांगा.” त्यांनी गाडीकडे हात केला. “ही समदी आमच्या गावची माणसं हायत. ह्येंच्या म्होरं सांगा.”

मी आयुष्यात कधी चारचौघांत उभा राहून बोललो नव्हतो. त्या दिवशी स्टँडवर, अनवाणी, मी ओरडून सांगितलं. माझं नाव सांगितलं, दुकान सांगितलं. डबीची अदलाबदल सांगितली. बार काढल्यावर दुसरी गोळी नळीत कशी येते ते सांगितलं. खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. फलाटावरचा हमालसुद्धा ओझं टेकवून थांबला.

फेटा बांधलेला एक म्हातारा दारातून म्हणाला, “म्हंजी पाटलानं सोता न्हाई म्हनता?”

“नाही, बाबा. पाटील पिस्तूल रिकामं करत होते. घरात पोरं होती ना, सोनं द्यायला आलेली. त्यांच्यासाठीच रिकामं करत होते. डबी ओढताना हात घसरला आणि चाप ओढला गेला. चूक माझी. पाटलांच्या मनात काहीसुद्धा नव्हतं.”

“काहीसुदिक न्हवतं,” बाई हळूच म्हणाल्या. मला नव्हे, स्वतःला. “पोरं हुती म्हणून.”

त्यांनी हात वर केला. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि देवाशपथ, मला ती हवी होती. पण तो हात माझ्या खांद्यावर येऊन आदळला. बाईंनी माझा सदरा मुठीत धरला आणि मला खाली ओढतच त्या स्टँडच्या फरशीवर बसल्या. मग त्यांनी गळा काढला.

“अवं मालक! अवं मालक, म्या काय केलं हो, तुमाला पक्कड दिली न्हाई हो...”

असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. सात महिन्यांपूर्वी मेलेला माणूस जणू आताच मेला होता. ज्ञानू खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला.

“सात म्हैनं झालं,” तो माझ्याशी बोलल्यासारखं म्हणाला. “दिवसकार्याला सुदिक रडली न्हाई वैनी. आमी म्हनायचो, मारणारी कशाला रडंल?” त्यानं टोपी काढली आणि तोंडावर धरली.

गाडीतून त्या फेटेवाल्याची म्हातारी उतरली. कमरेत वाकलेली. ती सगुणाबाईंच्या शेजारी फरशीवर बसली, त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि पाटलांच्या नावानं त्यांच्यासारखंच रडायला लागली. मग दुसरी उतरली. मग आणखी दोघी. माझा सदरा अजून बाईंच्या मुठीत होता, त्यामुळे मला हलता येत नव्हतं. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून दारात उभा होता, पण त्यानं दोरी ओढली नाही.